धरण्याची विद्या

वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीने अल्पावकाशात गाठता येणाऱ्या बेटावरचा जो जलदुर्ग १७३७ साली मराठ्यांनी जिंकून घेतला आणि पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेने ज्याची तटबंदी नव्याने उभी राहिली, त्याचे नाव धारण केलेली ‘आयएनएस अर्नाळा’ ही युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे भारतीय नौदलात दाखल झाली. सुमारे ७७ मीटर लांबीची ही नौका उथळ पाण्यात शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी बांधलेली असून तिच्यातील ८० टक्क्यांहून अधिक सामग्री स्वदेशी आहे, ही गोष्ट प्रत्येक अर्नाळकराने अभिमानाने सांगावी अशीच आहे. परंतु पाण्याखालचा क्षीण ध्वनी टिपणारी, त्याचे पृथक्करण करणारी आणि दिशा ठरवणारी जी यंत्रणा अशा कोणत्याही आधुनिक नौकेचे कान व डोळे होऊन बसते, तिच्या मुळाशी शेवटी सिलिकॉनची चिप असते. आणि नौका बांधण्याची विद्या ज्या देशाने शतकानुशतके जोपासली, त्या देशात ही चिप घडवण्याची ठिकाणे आजही बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक, म्हणजे चिपच्या, उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केल्यापासून या विषयाची चर्चा सर्वत्र चालू आहे. कारखाना कोणत्या राज्यात जावा, त्यास जमीन, पाणी व वीज कोणत्या अटींवर मिळावी, तळेगावच्या वाट्याचा प्रकल्प गुजरातेत का गेला, यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्या चर्चेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्या छायेत एक लहानसा, वरवर पाहता क्षुल्लक वाटणारा प्रश्न राहून गेला आहे, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे हा या लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न असा की, पाऊण मिलिमीटर जाडीची, काचेसारखी ठिसूळ आणि लाखमोलाची चकती मिनिटाला हजारो फेऱ्या फिरवायची, तर ती धरायची कशी?

चकती आणि तिचे फिरणे

समुद्रकाठच्या वाळूपासून चिप होते, असे सैलपणे म्हटले जाते. वस्तुतः या उद्योगाचे मूळ द्रव्य शुद्ध क्वार्ट्झचा खडक हे होय. त्यापासून मिळवलेले सिलिकॉन अनेक संस्कारांनी इतके शुद्ध करतात की अब्ज अणूंमागे परका अणू अपवादानेच आढळावा. मग ते वितळवून, यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये शोधलेल्या पद्धतीने, त्यातून एक अखंड स्फटिक हळूहळू फिरवत वर ओढून काढतात आणि त्या दंडगोलाचे पातळ काप करतात. हा काप म्हणजेच वेफर, अर्थात चकती. आजच्या मोठ्या कारखान्यांत ती ३०० मिलिमीटर व्यासाची व ७७५ मायक्रॉन जाडीची असते. वजन सुमारे १२८ ग्रॅम. पृष्ठभाग आरशासारखा, आणि सर्व अणू एकाच शिस्तीत बसलेले. ही शिस्त हेच तिचे सामर्थ्य आणि हाच तिचा दुबळेपणा. कारण कडेला सूक्ष्म टवका उडाला तरी तडा स्फटिकाच्या ठरावीक पातळ्यांवरून सरळ रेषेत धावतो, आणि चिप उद्योगात सर्वाधिक वापरली जाणारी चकती काटकोनी तुकड्यांत फुटते.

अशी वस्तू फिरवण्याचा अट्टाहास का, तर चकतीवर द्रवाचा सर्वत्र सारख्या जाडीचा थर पसरवण्याचा तिच्या फिरण्याइतका सोपा व बिनचूक उपाय दुसरा नाही म्हणून. चिपवरील आकृती प्रकाशाने उमटवण्यासाठी आधी चकतीवर फोटोरेझिस्ट नावाच्या प्रकाशसंवेदी द्रवाचा लेप द्यावा लागतो. मध्यभागी द्रव ओतून चकती वेगाने फिरवली की तो कडेकडे फेकला जातो आणि मागे एक मायक्रॉनच्या आसपास जाडीचा पापुद्रा उरतो. फिरत्या तबकडीवर चिकट द्रव कसा पसरतो याचे गणित एम्सली, बॉनर आणि पेक या तिघांनी १९५८ मध्ये मांडले, आणि त्यातला आश्वासक निष्कर्ष असा की आरंभी द्रव कमीअधिक ओतला गेला तरी फिरण्याने तो आपोआप एकसारखा होत जातो. व्यवहारात थराची जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे वेग चौपट केला की जाडी निम्मी होते. सबब वेगातली गफलत थेट थरात उतरते. लेपाखेरीज रसायनांनी धुणे, शुद्ध पाण्याने विसळणे आणि वाळवणे हीदेखील फिरत्या चकतीवरच उरकली जाणारी कामे आहेत, आणि एका चिपच्या जन्मात ती पुन्हा पुन्हा करावी लागतात.

पवई येथील एक टेबल

हे सारे प्रत्यक्ष पाहण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. विरारहून लोकलने अंधेरी आणि तेथून पवई गाठली की मुंबईच्या आयआयटीत अशी प्रयोगशाळा आहे. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २००६ मध्ये मुंबई आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभारली, आणि २००८ पासून देशभरच्या महाविद्यालयांतील संशोधकांना तेथे येऊन काम करण्याची मुभा मिळाली. ज्या विद्यार्थ्याच्या महाविद्यालयात साधा निर्वात पंपही नसेल, त्यालाही चकती हाताळण्याची संधी देणारी ही व्यवस्था आहे, आणि तिचे मोल इमारतींच्या किमतीवरून ठरणार नाही.

तेथील पिवळ्या प्रकाशात (फोटोरेझिस्टवर पिवळ्या प्रकाशाचा परिणाम होत नाही म्हणून तो) डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या झग्यात झाकलेला विद्यार्थी स्पिन कोटरपुढे उभा असतो. यंत्र टेबलावर मावणारे: एक खोलगट भांडे, त्याच्या मध्यातून वर आलेला स्पिंडल, आणि स्पिंडलच्या माथ्यावर चक, म्हणजे चकतीहून लहान अशी सपाट बैठक, जिच्या मध्यभागी छिद्र आणि भोवती वर्तुळाकार खोबणी आहेत. विद्यार्थी प्रथम चक द्रावकाने पुसतो, प्रकाशात तिरपे बघून एखादा कण राहिला नाही याची खातरजमा करतो, चिमट्याने चकती उचलून मध्यावर ठेवतो आणि निर्वाताचे बटण दाबतो. पंपाचा स्वर किंचित बदलतो. पडद्यावरचा आकडा खाली उतरतो. मग मंद वेगात एकदोन फेऱ्या देऊन तो कडेकडे पाहतो. कड डुलताना दिसली तर चकती मध्यावर नाही, आणि मग निर्वात सोडून, सरकवून, पुन्हा तोच क्रम. समाधान झाल्यावर तो ड्रॉपरने मध्यभागी द्रव सोडतो, झाकण लावतो आणि यंत्र चालू करतो. द्रव क्षणात कडेपर्यंत पसरतो, त्यावर इंद्रधनुष्याची वलये धावतात, आणि थर पातळ होत गेला तशी ती वलये विरून अखेर सबंध चकतीवर एकच रंग स्थिर होतो. तो रंग एकसारखा असणे हीच थर एकसारखा असल्याची पहिली साक्ष.

नवख्याच्या हातून येथे हमखास घडणारा अपघात म्हणजे चकतीचा तुकडा चकहून लहान असणे. खोबण उघडी राहिली की निर्वात टिकत नाही, वरून ओतलेला द्रव आत ओढला जाऊन नळीत सुकतो, आणि तुकडा भांड्याच्या भिंतीवर आपटून त्याचा चुरा होतो. म्हणून निरनिराळ्या मापांचे चक शेजारी मांडून ठेवलेले असतात, आणि योग्य चक निवडणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो.

हवेचा भार

निर्वात चकती ओढून धरतो असे आपण बोलतो. खरे धरणारे असते ते वातावरण. चकतीखालची हवा काढून घेतली की वरच्या हवेचा भार, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, तिला चकवर दाबून ठेवतो. चक दहा सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि चार-पंचमांश हवा निघाली असेल, तर हा दाब साधारण ६५ किलोच्या वजनाइतका भरतो. म्हणजे १२८ ग्रॅमच्या चकतीवर एक धडधाकट मनुष्य उभा आहे असे समजावे.

आता विरोधी पक्षाचा हिशेब पाहू. तीनशे मिलिमीटरची चकती मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावत असते आणि कडेवरच्या कणाला गुरुत्वाकर्षणाच्या साडेसहाशेपटींहून अधिक बळ बाहेर फेकू पाहते. इतके असूनही नुसत्या फिरण्याने सिलिकॉनमध्ये जो ताण येतो तो त्याच्या सहनशक्तीपुढे नगण्य आहे. धोका येतो तो मध्य चुकल्यामुळे. चकती अवघी एक मिलिमीटर बाजूला ठेवली गेली तर सुमारे ५७० ग्रॅमचा, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या साडेचारपट ओढा तिला सरकवू पाहतो, आणि या ओढ्याची दिशा सेकंदाला तेहतीस वेळा चक्राकार फिरत असल्याने स्पिंडलच्या बेअरिंगला त्याचे हादरे सतत बसत राहतात. आगाशी-अर्नाळ्याच्या वाड्यांत बावखलावरचा, म्हणजे विहिरीसारख्या तळ्यावरचा, रहाट आस किंचित कलला तरी कुरकुरत का होईना पाणी वर आणी. स्पिंडलला तशी सवलत नाही.

६५ किलोच्या दाबापुढे हा ओढा किरकोळ, असे कोणी म्हणेल, आणि सारे सुरळीत असताना ते खरेही आहे. पण चकवर सुकलेल्या लेपाचा एखादा खपला असला, किंवा आधीच्या तापवण्यामुळे चकतीला बाक आला असला, की फटीतून हवा आत शिरते आणि हा सगळा भार पाहता पाहता नाहीसा होतो. त्यातही सर्वांत नाजूक क्षण सुरुवातीचा व शेवटचा असतो, कारण वेग वाढवताना आणि कमी करताना चक पुढे-मागे जाऊ पाहतो आणि चकती आपल्या जागीच राहू पाहते. त्या दोघांना एकत्र ठेवण्याचे काम केवळ घर्षणावर पडते. म्हणून यंत्राला असा दंडक घालून दिलेला असतो की निर्वाताचा आकडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरल्याची खूण आल्याखेरीज मोटरने हलायचे नाही, झाकण उघडे असता हलायचे नाही, आणि फिरत असताना आकडा बिघडला तर एकदम ब्रेक न मारता बेताने थांबायचे. कारण अशा वेळी जोराचा ब्रेक हाच चकती निसटण्याचे निमित्त होईल.

कडेने धरणे

निर्वाताच्या चकला एक मोठी मर्यादा आहे: तो चकतीच्या पाठीला स्पर्श करतो. लेप देताना हे चालते. धुताना चालत नाही, कारण पाठीला चिकटलेला कण पुढे प्रकाशाने आकृती उमटवण्याच्या यंत्रात चकतीला खालून उचलतो, आणि ज्या यंत्राची स्पष्ट दृष्टी मायक्रॉनच्या अंशापुरतीच आहे, त्याला तेवढा उंचवटा आकृती बिघडवण्यास पुरतो. सबब दोन्ही बाजू धुणाऱ्या यंत्रांत चकती केवळ कडेवर, भोवती उभ्या केलेल्या लहान खुंट्यांनी धरतात. चिप कडेच्या दोनतीन मिलिमीटरपर्यंत घडवत नाहीत. तेवढीच जागा स्पर्शासाठी मोकळी असते. काही यंत्रांत खुंट्यांचे दोन संच आळीपाळीने पकड घेतात, जेणेकरून प्रत्येक खुंटीखालची जागाही धुतली जावी. दुसऱ्या एका पद्धतीत चकतीखालून नायट्रोजनचा झोत बाहेरच्या दिशेने सोडतात. त्या वेगवान प्रवाहामुळे चकती वर उडून न जाता चकपासून अगदी थोड्या अंतरावर तरंगत राहते, आणि खुंट्या तिला फक्त बाजूला सरकू देत नाहीत.

या खुंट्यांची रचना ही या सर्व विद्येतील मला सर्वांत मनोज्ञ वाटलेली गोष्ट आहे, आणि तिचे मर्म समजण्यासाठी मी वाचकांना पवईहून परत वसई पूर्वेला, गोखिवरे-वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींत घेऊन जाऊ इच्छितो. पत्र्याच्या छपराखाली दोनतीन लेथ, लोखंडी भुग्याचा ढीग आणि कुलंटचा वास अशा गाळ्यांतून सुटे भाग घडवणारे शेकडो कारागीर तेथे आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, चक म्हणजे काय हे तो आधी जाणतो. तीन जबड्यांच्या चकमध्ये जॉब पकडून, डायल लावून, हलक्या हाताने चक फिरवत काटा किती हलतो हे तो पाहतो. काट्याचे एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि तेवढ्यासाठी तो जॉब पुन्हा सोडून बांधतो. पातळ कडे पकडायचे असेल तर हा टर्नर कडक जबडे काढून मऊ जबडे बसवतो आणि जॉबच्या नेमक्या व्यासाला ते जागेवरच कापून घेतो. कारण त्याला अनुभवाने ठाऊक असते की तीन ठिकाणी आवळलेले कडे चकवर असताना गोल कातले गेले, तरी सोडल्यावर तिकोनी फुगते. जास्त आवळणे म्हणजे चांगले धरणे नव्हे, हा धडा त्याच्या हातात मुरलेला असतो.

याच टर्नरला आणखी एक गोष्ट माहीत असते. वेग फार वाढला की चकचे जबडे स्वतःच बाहेर फेकले जाऊ लागतात आणि पकड ढिली होते. म्हणून अतिवेगाच्या चकमध्ये जबड्यांच्या ओढीला तोलणारे प्रतिभार बसवावे लागतात. चकती धरणाऱ्या खुंट्यांत हीच कल्पना एक पाऊल पुढे नेलेली आहे. खुंटी एका लहान आसाभोवती झुलणाऱ्या तरफेवर बसवतात आणि तरफेच्या खालच्या टोकाला वजन देतात. स्पिंडल फिरू लागला की ते वजन बाहेर जाऊ पाहते, तरफ कलते आणि वरची खुंटी आत येऊन चकतीच्या कडेला अधिक घट्ट टेकते. जे बळ चकती भिरकावून देऊ पाहते, तेच बळ तिला धरून ठेवण्याच्या कामी जुंपले जाते, आणि जितका धोका वाढावा तितकी पकडही वाढत जावी असा हा बंदोबस्त आहे.

विश्रांतीच्या स्थितीतही हाच विचार आहे. खुंट्या स्प्रिंगने किंवा चुंबकाने नित्य मिटलेल्या असतात. त्या उघडण्यासाठी मुद्दाम बळ लावावे लागते. वीज गेली, नळी फुटली, आज्ञा पोहोचली नाही, तरी खुंटी मिटलेलीच राहते आणि फिरती चकती आपल्या जागी थांबते. आयटीआयच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात की चकची चावी चकमध्ये ठेवून लेथ कधीही चालू करू नये. आणि विसरणारा विसरणारच हे ओळखून काही चाव्यांना अशी स्प्रिंग बसवलेली असते की हात काढताच चावी आपोआप बाहेर पडते. चावीतली ती स्प्रिंग आणि खुंटीमागची ही स्प्रिंग एकाच शहाणपणाची अपत्ये आहेत: माणूस चुकेल आणि वीज जाईल हे गृहीत धरून यंत्राने सुरक्षित बाजूला पडावे.

जेथे वाटा वेगळ्या होतात

येथपर्यंत वसईचा गाळा आणि पवईची प्रयोगशाळा एकाच घराण्यातील वाटतात. पुढे त्यांच्यातले अंतर स्पष्ट होते, आणि ते लपवून ठेवणे कारागिरांवर अन्याय होईल. लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग साधला की काम उत्तम. चकतीच्या स्पिंडलला त्याखेरीज स्वच्छतेची अट आहे. प्रत्येक बेअरिंग झिजते आणि झिजताना कण सोडते. मानवी डोळ्याला न दिसणारा असा एक कणही चिप निकामी करू शकतो. म्हणून स्पिंडलभोवतीची हवा सतत खाली, चकतीपासून दूर शोषून घेतात, आणि पोकळ स्पिंडलमधून निर्वात नेताना फिरता व स्थिर भाग जेथे भेटतात तेथील सील झिजू नये यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागतात. खुंट्या धातूच्या चालत नाहीत. आम्लाला दाद न देणारे प्लॅस्टिक हवे. शिवाय अतिशुद्ध पाणी जवळजवळ वीजरोधक असल्याने फिरत्या चकतीवरून घासत जाताना तेथे स्थिर विद्युतभार साठवते, आणि त्याची ठिणगी सूक्ष्म मंडल जाळू शकते; यास्तव पाण्यात मुद्दाम थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवतात. हवेचाही विचार करावा लागतो: तीनशे मिलिमीटरच्या चकतीवर मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांच्या पलीकडे कडेजवळचा वारा खळबळू लागतो आणि लेपाची जाडी तेथे बिघडते, म्हणजे चकती मोठी झाली की वेगाचे स्वातंत्र्य कमी होते.

ही सर्व तत्त्वे शिकता येण्याजोगी आहेत. त्यांत गुप्त असे काही नाही. आहे ती काळजी, आणि ती वर्षानुवर्षे टिकवण्याची सवय.

धरणारे हात

ही सवय खंडित झाली की काय होते, याचा धडा या देशाने एकदा कठोरपणे घेतला आहे. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने १९८४ मध्ये उत्पादन सुरू केले आणि ७ फेब्रुवारी १९८९ रोजीच्या आगीत त्या कारखान्याची भीषण हानी झाली. जगाच्या बरोबरीने चालू पाहणारा प्रयत्न अनेक वर्षे मागे पडला. तीच संस्था पुढे अंतराळ विभागाच्या छत्राखाली सावरली, आणि तेथे दोनशे मिलिमीटरच्या चकत्यांवर घडलेला ‘विक्रम’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर झाला. आता धोलेरा येथे तीनशे मिलिमीटरच्या चकत्यांचा कारखाना उभा राहत आहे. त्यातील यंत्रे बहुतांशी परदेशी असणार, आणि आरंभी तसे असणे क्रमप्राप्त आहे.

परंतु यंत्र विकत घेऊन काम संपत नाही. स्पिंडलचे बेअरिंग झिजते, चकचा पृष्ठभाग खरवडला जातो, खुंटी रसायनाने खाल्ली जाते, तोल बिघडतो. आणि सुट्या भागाची पेटी समुद्रापलीकडून येईतो यंत्र बंद राहिले तर त्या काळात न घडलेल्या चकत्यांचा तोटा कोणत्याही अनुदानाने भरून निघत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अर्धवाहक उद्योग म्हणजे केवळ अणुभौतिकी आणि संगणकीय आरेखन नव्हे. तो पूर्णांशाने यंत्रकारागिरीचाही उद्योग आहे, आणि ती कारागिरी आपल्या मुलखात पडून आहे. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झची इलेक्ट्रॉनिक वसाहत स्थापन झाली तेव्हापासून विरारच्या गाड्यांनी हजारो तरुण-तरुणींना सुट्या भागांच्या जोडणीच्या कामावर नेले. तेवढ्यावर थांबण्याचे आता प्रयोजन नाही.

आरंभ लहान असू शकतो. शैक्षणिक प्रयोगशाळांसाठी स्पिन कोटर बनवणारे काही उद्योजक भारतात आहेतच. त्यांच्यासाठी, आणि पवईसारख्या प्रयोगशाळांसाठी, चक, खुंट्या व स्पिंडल घडवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम वसई-विरारच्या गाळ्यांना मिळावे. एक-दोन गाळ्यांत स्वच्छ खोली, तोल मोजण्याचे यंत्र आणि कणांची गणना करण्याचे साधन सामायिक मालकीने बसवावे. आयटीआयच्या टर्नरच्या अभ्यासक्रमात निर्वाताच्या चकचा एक पाठ घालावा. आणि आयआयटीच्या विद्यार्थ्याने वर्षातून काही दिवस या गाळ्यांत येऊन, आपली चकती ज्या बैठकीवर बसते ती कशी कातली जाते हे उभे राहून पाहावे. यांतील कोणत्याही गोष्टीला हजार कोटी लागत नाहीत. कारखान्याची कोनशिला बसवण्यास सरकार समर्थ आहे. त्या कारखान्यातला आस सरळ आणि पकड शाबूत ठेवणारे हात गोखिवरे-वालीवसारख्या ठिकाणी घडतात, आणि त्यांना या कार्यात मानाने सामील करून घेण्याची तजवीज पहिली चकती फिरण्यापूर्वी झाली पाहिजे.